साठीच्या पुढचा निरोगी मेंदू शोधताना

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत हे कायम होतं. पासष्टीच्या काकू हल्ली फार विसरतात म्हणून मुलगा किंवा सून त्यांना घेऊन येते, एमआरआय निघतो आणि रिपोर्टमध्ये एक ओळ येते की मेंदू थोडा आक्रसलेला दिसतोय, वयाच्या मानाने असू शकतो. घरच्यांचा जीव त्या एका ओळीत अडकतो. पण वयाच्या मानाने म्हणजे नेमकं कुणाच्या मानाने? हे सांगायचं तर डॉक्टरच्या हातात आकडे लागतात, आणि ते आजारी माणसांचे असून चालत नाहीत, ज्यांना काही झालेलं नाही अशा लोकांचे लागतात. त्यालाच नॉर्मेटिव्ह डेटा म्हणतात. मी काही वर्षं पुण्यात अशाच एका प्रोजेक्टवर रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, साठीच्या पुढच्या निरोगी लोकांचे ब्रेन एमआरआय गोळा करणं हे आमचं काम. लोकांना बोलवायला गेलं की तेच तेच प्रश्न येतात आणि मराठीत यावर फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी हे करायचंच कशाला ते सांगते. मेंदूचा नकाशा म्हणून जगभर वर्षानुवर्षं जो वापरला तो १९८८ चा तालैराक अ‍ॅटलास एका साठ वर्षांच्या फ्रेंच बाईच्या मेंदूवरून बनवलेला होता, एकाच बाईच्या. मग कॅनडात माँट्रियलला १५२ तरुणांच्या स्कॅनची सरासरी काढून एमएनआय १५२ हे टेम्प्लेट, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना मेंदू, बनलं आणि आजही बरीच सॉफ्टवेअर आपोआप तेच धरून चालतात. २०२२ मध्ये जगभरच्या १ लाखाहून जास्त लोकांचे स्कॅन एकत्र करून जन्माआधीपासून शंभरीपर्यंतचे ब्रेन चार्ट आले, म्हणजे अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा तक्ता असतो ना, तसाच मेंदूच्या आकाराचा तक्ता. काम जबरदस्त आहे, पण त्यात बहुतेक लोक युरोप-अमेरिकेतले आहेत आणि हे त्या शास्त्रज्ञांनीच स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून अ‍ॅटलास केला तेव्हा दिसलं की आपला सरासरी मेंदू उंचीला, रुंदीला आणि एकूण आकारमानाला पाश्चात्त्य टेम्प्लेटपेक्षा लहान भरतो. (याचा हुशारीशी काडीचा संबंध नाही, हे मला प्रत्येक ठिकाणी सांगावं लागतं.) म्हणजे तिकडच्या मापाने मोजलं तर आपला धडधाकट माणूससुद्धा थोडा आजारी दिसू शकतो. बंगळूरच्या निमहान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या टीमने २०२० मध्ये ६ ते ६० वयासाठी पाच भारतीय टेम्प्लेट दिली, पण डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, प्रश्न मुख्यतः साठीनंतरच सुरू होतो. बंगळूरच्याच सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचं कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपुराच्या गावागावांत मोठं काम चालू आहे ते फार मोलाचं आहे, तसं काम प्रत्येक राज्यात व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तर, निरोगी माणूस. ऐकायला सोपं वाटतं पण सगळ्यात जास्त डोकं इथेच लागतं. साठीच्या पुढचा, बीपी नाही, शुगर नाही, गुडघे दुखत नाहीत, झोप छान, गोळी एकही नाही, असा माणूस आणा म्हटलं तर पुण्यात सापडेल पण तो काही नॉर्मल नाही, तो अपवाद आहे. अशाच अपवादांचा तक्ता केला तर त्याच्यापुढे बाकी सगळी साधी माणसं आजारीच ठरणार. यावर आमच्या मीटिंगमध्ये बरेच वाद झाले. शेवटी असं ठरलं की बीपी-शुगर गोळ्यांनी आटोक्यात असेल तर घ्यायचं पण व्यवस्थित नोंद करायची, आणि पॅरालिसिसचा झटका, फिट्स, डोक्याला मार लागून बेशुद्धी, रोजचं पिणं, चालू असलेलं डिप्रेशन, पार्किन्सन्स असं काही असेल तर घ्यायचं नाही. मला हा निर्णय बरोबर वाटतो आणि अजूनही मी त्याच्या बाजूनेच बोलते. ओपीडीत पेशंटबरोबर आलेले नातेवाईक तयार असतात, पण तिथेही बघावं लागतं, पेशंटची बायको किंवा नवरा चालतो, भाऊ-बहीण किंवा मुलगा नको, कारण आजाराचा अनुवंशिक भाग त्यांच्यातही असू शकतो.

सुरुवातीला आम्ही ज्येष्ठ नागरिक संघांत गेलो, सकाळी तळजाईवर फिरायला येणाऱ्यांना भेटलो, हास्यक्लबात बोललो. प्रतिसाद फार छान, बँकेतून रिटायर झालेले, शिक्षिका, इंजिनीअर, स्वतःच्या सगळ्या रिपोर्टची नीट लावलेली फाइल घेऊन वेळेच्या आधी हजर. त्यांच्याबद्दल मला खूप आदर आहे, स्वतःला काहीही फायदा नसताना ही माणसं येतात. पण थोड्या महिन्यांनी आमच्या स्टॅटिस्टिशियनने यादी समोर ठेवली आणि त्यात जवळपास सगळे पदवीधर, सगळे शहरातले, बायका कमी. हा प्रश्न फक्त आपला नाहीये, यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य अभ्यासात सुरुवातीला ज्यांना पत्रं गेली त्यातले साडेपाच टक्केच लोक आले आणि जे आले ते बाकीच्या ब्रिटिश जनतेपेक्षा जास्त तब्येतीचे, कमी सिगारेट ओढणारे निघाले. मेंदूवर शिक्षणाचा, पोषणाचा, आयुष्यभराच्या कामाचा परिणाम असतो. कोथरूड-सहकारनगरच्या पदवीधरांचा तक्ता करून त्यावर भाताची लावणी करत म्हातारी झालेली मुळशीतली बाई मोजली तर तिच्यावर अन्याय होणार, आणि ओपीडीत ती उद्या येणारच आहे.

मग आम्ही मुळशीकडे गेलो. गावातल्या आशा कार्यकर्त्यांच्या मदतीने, आधी नुसत्या गप्पा, मग माहिती, मग परत एकदा माहिती. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची जी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्याप्रमाणे माहितीपत्रक मराठीत असतं, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि प्रोजेक्टशी संबंध नसलेला साक्षीदार हवाच. कागद पूर्ण करणं सोपं आहे, पण समजलंय की नाही हे बघणं हे खरं काम. लोकांना वाटतं फुकट तपासणी आहे. मी पहिल्यांदा तेच खोडते, की ही तुमची तपासणी नाहीये, यातून तुमचा कुठला आजार बरा होणार नाही, हे पुढच्या पेशंटसाठी आहे, आणि नको वाटलं तर मध्येच उठून जाता येईल, कोणी काही म्हणणार नाही. या स्कॅनमध्ये इंजेक्शन नाही, एक्स-रे किंवा सीटीसारखं रेडिएशन नाही. पैसे म्हणाल तर जाण्यायेण्याचा खर्च, जेवण आणि बुडालेली मजुरी, त्याहून जास्त द्यायला एथिक्स कमिटी (अभ्यास नैतिक आहे ना हे तपासणारी समिती) परवानगी देत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर माणूस पैशासाठी हो म्हणेल. एका घरी आजींना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मुलगाच देत होता, "आई येईल हो, तुम्ही लिहा." मी त्याला म्हटलं दादा, जरा ओटीवर बसता का, मला आजींशी बोलायचंय. तो गेल्यावर आजी म्हणाल्या, "मला त्या नळीत घुसमटंल गं, मला नाय यायचं." तिथेच नाव कापलं. मुलगा नाराज झाला, पण संमती आजींचीच लागते.

जे येतात त्यांचं स्कॅनच्या आधी दोन-अडीच तास बोलणं आणि चाचण्या होतात. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचणीत एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायचे असतात, आणि ज्या बाईने जन्मात पेन्सिल धरली नाही तिचे मार्क तिथे जातात, विसराळूपणाशी काही संबंध नसताना. म्हणून तर हरियाणातल्या बल्लभगढला हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झालं होतं, १९९५ मध्ये, निरक्षर लोकांना डोळ्यासमोर ठेवून, आणि आम्हीही शाळा न शिकलेल्यांसाठी वेगळे प्रश्न ठेवलेत. डावखुरेपणाचंही तसंच. १९७१ ची एडिनबरो प्रश्नावली विचारते लिहिता कुठल्या हाताने, चमचा कुठल्या हाताने. आपल्याकडे लहानपणी डाव्या हातावर फटके देऊन जेवण आणि लिहिणं उजव्यावर आणलेलं असतं आणि चमचा तर घरात फक्त वाढायला. पण केर कुठल्या हाताने काढता, काडेपेटी कशी ओढता, विळा कुठल्या हातात असतो, असं विचारलं की एकदम कळतं. भाषेची केंद्रं मेंदूच्या कुठल्या बाजूला आहेत याचा हाताशी संबंध असतो त्यामुळे हे सोडून चालत नाही.

दिवस कुठला आहे तेही विचारावं लागतं. उपवास आहे का? हरतालिकेचा निर्जळी उपवास करून कोणी आलं तर आम्ही स्कॅन करत नाही, दुसरी तारीख देतो, कारण अंगातलं पाणी कमी झालं की मेंदूचं मोजलेलं आकारमानही किंचित कमी येतं. फरक बारीक असतो पण आम्ही बारीक फरकच मोजतोय. चहा कधी घेतला तेही लिहितो, कॅफीनने मेंदूकडचा रक्तप्रवाह कमी होतो आणि फंक्शनल स्कॅनमध्ये, म्हणजे रक्तप्रवाहावरून मेंदूचं काम दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, ते उतरतं.

मग धातू. आमचं मशीन ३ टेस्लाचं आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट जास्त, आणि ते बंद नसतंच, रात्रीसुद्धा चालू. पेसमेकर, ऑपरेशनमधल्या क्लिपा, कानातलं यंत्र, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, जानव्याला अडकवलेली किल्ली, पिना, काजळ, सगळं विचारायचं. आणि मंगळसूत्र. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण आकड्यात, तारेत काय धातू आहे ते कोणी सांगू शकत नाही, शिवाय मानेभोवती धातूचं कडं म्हणजे तापण्याचा धोका आणि चित्रही खराब. चाळीस-पन्नास वर्षं एकदाही न काढलेलं मंगळसूत्र दोन मिनिटांत काढा म्हणणं किती अवघड आहे ते मी रोज बघते. पहिल्या बॅचमधल्या एक आजी जोडव्यांपर्यंत सगळं काढून झाल्यावर गळ्याशी हात नेऊन थांबल्या. "काढते गं बाय, पण मालक बाहेर बसलेत, गळा मोकळा नको." आमच्या सिनिअर सिस्टरनी काही न बोलता ड्रॉवरमधून हळकुंड बांधलेला पिवळा सुती दोरा काढला आणि त्यांच्या गळ्यात बांधला, मग मंगळसूत्र रुमालात गुंडाळून त्यांच्यासमोर लॉकरमध्ये ठेवलं आणि लॉकरची चावी सुनेच्या हातात दिली. आजी लगेच उठल्या, चला म्हणाल्या. तेव्हापासून आमच्याकडे असे दोरे कायम तयार असतात, आणि जोडवी निघत नसतील तर साबणाचं पाणी. हे कुठल्याही प्रोटोकॉलच्या पुस्तकात नाही पण याच्याशिवाय आमच्या डेटात गावातल्या बायका दिसल्या नसत्या, हे मी अगदी खात्रीने सांगते.

पुरुषांच्या बाबतीत असाच अडथळा लेथचा आला. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत आयुष्य गेलेले फिटर, टर्नर, वेल्डर, ग्राइंडिंगवाले. डोळ्यात कधी कीस गेला होता का, विचारलं की सगळे हसतात, म्हणतात किती वेळा गेला ते मोजलंच नाही, सुपरवायझर चुंबकाने काढायचा. लोखंडाचा बारीक कण डोळ्यात राहिला असेल तर या मशीनमध्ये तो हलून डोळा जाऊ शकतो. खात्री करायला डोळ्यांचा एक्स-रे लागतो, आणि आमच्या मंजूर प्रोटोकॉलमध्ये एक्स-रे नव्हता, त्यामुळे अशा प्रत्येकाला परत पाठवावं लागायचं. म्हणजे पिंपरी-चिंचवड ज्यांनी उभं केलं ती सगळी माणसं आमच्या 'नॉर्मल'मधून बाहेर. हे मला सहन होईना, प्रोजेक्टच्या प्रमुख सरांनाही पटलं, आम्ही एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती मागितली, थोड्या रेडिएशनचा प्रश्न होता म्हणून त्यांनी बरंच विचारलं, माहितीपत्रकात वेगळा परिच्छेद घालायला लावला आणि मग मंजूर केलं. आता टर्नर-फिटरही येतात.

प्रत्यक्ष स्कॅन पाऊण तासाचा. कानात बोळे, वरून हेडफोन, डोक्यावर हेल्मेटसारखी कॉइल, हातात रबरी फुगा, दाबला की आम्ही लगेच थांबवतो. मी स्वतः त्यात बऱ्याचदा झोपलेय, कारण आमच्या दोन सेंटरची मशीन वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत आणि दोन्हींचे आकडे जुळतात का बघायला तीच माणसं दोन्हीकडे स्कॅन करावी लागतात. आवाज मोठा असतो, ठकठक, मग ड्रिलसारखा, डिफ्यूजन नावाच्या स्कॅनच्या वेळी टेबल थरथरतं. मी लोकांना आधी मोबाइलवर तो आवाज ऐकवते आणि सांगते की आता हा येईल, मग हा येईल, निम्मी भीती तिथेच जाते. शेवटच्या भागात डोळे उघडे ठेवून समोरच्या अधिकच्या चिन्हाकडे बघत नुसतं पडायचं, काही ठरवून विचार करायचा नाही. विठ्ठलाचं नाव घेऊ का, असं बरेच जण विचारतात. आम्ही सांगतो मनात आलं तर येऊ द्या, मुद्दाम जप करू नका, आणि नंतर काय मनात होतं ते लिहून घेतो.

न हलणं सगळ्यात महत्त्वाचं. डोकं थोडं जरी हललं तरी टी१ चित्रात, म्हणजे मेंदूची रचना दाखवणाऱ्या चित्रात, लाटांसारख्या रेघा येतात, आणि डोळ्याला चित्र ठीक वाटलं तरी सॉफ्टवेअर ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूचा पेशींनी भरलेला करडा भाग, खऱ्यापेक्षा कमी मोजतं. म्हणजे कंबर दुखत होती म्हणून चुळबुळ केलेला माणूस कागदावर मेंदू आक्रसलेला म्हणून दिसणार. त्यामुळे गुडघ्याखाली उशी, अंगावर चादर, आधी लघवीला जाऊन येणं, ही कामं मी रिसर्चचाच भाग मानते. स्लॉटचं मात्र आमच्या हातात नसतं. मशीन पेशंटचं आहे, आम्हाला जे वेळ उरतात ते मिळतात, आणि स्ट्रोकचा पेशंट आला की तो आधी, यात वादच नाही. मुळशीहून पहाटे निघालेल्या लोकांना अशा वेळी बसून राहावं लागतं, तेव्हा मी चहा सोडून बाकी सगळं देते आणि खरं कारण सांगते, खरं सांगितलं की लोक समजून घेतात.

आणि कधीकधी काहीतरी सापडतं. हे होणारच. रॉटरडॅमच्या २००७ च्या अभ्यासात २००० लोकांचे स्कॅन झाले होते, सरासरी वय ६३, त्यातल्या सुमारे ७ टक्के लोकांमध्ये त्यांना स्वतःला पत्ताच नसलेले छोट्या स्ट्रोकचे डाग निघाले, १.८ टक्क्यांमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम. म्हणून संमतीच्या वेळीच विचारून ठेवतो की उपचार लागेल असं काही दिसलं तर सांगायचं का आणि कोणाला. एका काकांच्या स्कॅनमध्ये असाच जुना बारीक डाग होता, त्यांना कधी काही जाणवलं नव्हतं. फोन मी नाही केला, डॉक्टरांनी स्वतः केला, समोर बसवून समजावलं, न्यूरॉलॉजीकडे पाठवलं, बीपीची गोळी बदलली गेली. काका नंतर येऊन म्हणाले तुम्ही मला वाचवलंत, आणि मला ते ऐकताना अवघड झालं, कारण दुसऱ्या एका ताईंना असंच काहीतरी किरकोळ सापडल्यावर त्या कित्येक महिने झोपेवाचून राहिल्या आणि शेवटी ते निरुपद्रवी निघालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणून सांगायचं की नाही हा पर्याय माणसाकडेच पाहिजे. आता काकांचा स्कॅन तक्त्यात ठेवायचा का? माझं मत ठेवावा, वेगळी खूण करून. त्या वयाच्या कितीतरी लोकांच्या मेंदूत असे डाग असतात, ते पुसून टाकलेला तक्ता परत अपवादांचाच होईल.

मागचं काम तुम्हाला दिसत नाही पण तेही सांगते. नाव, जन्मतारीख फाइलमधून काढतो, कोड नंबर देतो. चेहरासुद्धा काढतो, कारण टी१ स्कॅनमधून माणसाचा चेहरा थ्रीडी तयार करता येतो, ओळखू येईल इतका. मग सॉफ्टवेअर एकेका मेंदूवर कित्येक तास चालतं, नंतर दोन जण डोळ्याने प्रत्येक चित्र तपासतात. मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की आकडे किंचित सरकतात, म्हणून दर आठवड्याला पाण्याने भरलेला एक ठोकळा, त्याला फँटम म्हणतात, तो स्कॅन करून बघतो.

आता आम्हाला सत्तरीच्या पुढच्या, शाळेत न गेलेल्या किंवा चौथीपर्यंत शिकलेल्या बायका हव्या आहेत, तीच जागा तक्त्यात सगळ्यात रिकामी आहे. तुमच्या घरी अशा आई-आजी असतील आणि जवळच्या कुठल्याही सेंटरला असा अभ्यास चालू असेल तर त्यांना विचारून बघा, पण त्यांनाच विचारा, त्यांच्या वतीने हो म्हणू नका. जायच्या आधी तिथल्या लोकांना एवढं नक्की विचारा: एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का आणि पत्र दाखवाल का, काही सापडलं तर कोण सांगणार आणि पुढच्या उपचारांचं काय, स्कॅन कोणाकोणाला दिला जाणार, आणि नंतर मन बदललं तर डेटा काढून टाकता येईल का. नीट चाललेल्या ठिकाणी या चारही प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात. आणि पाठदुखी असेल तर आधी सांगा, उशी जास्तीची ठेवतात.